दुमडीतले कापड

मालकीणबाईंचा नातू येऊन गेल्यापासून दुकानातली कात्री नीट चालेनाशी झाली होती. कात्रीला काही झाले नव्हते. तिला नुकतीच धार लावून आणली होती. पण कापडावर टेकलेला मास्तरांचा हात मध्येच थांबे, तो थांबला की मशीनवर बसलेली सूनबाईही पाय थांबवी, आणि मग दुकानात अशी शांतता पसरे की समोरच्या कॉफीच्या दुकानातले वाफेचे यंत्र फुसफुसलेले इथे ऐकू येई.

नातू वागायला वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. तो बूट दाराबाहेर काढून आत आला, दिलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला की गल्लीतली बाकीची दुकाने जे भाडे देतात ते तरी द्या, नाहीतर शाळांच्या गणवेशांचा हंगाम संपला की जागा मोकळी करा. घाई नाही, मास्तरांना दुखवायचे नाही असे आजीने बजावले आहे. इतक्या अदबीने कोणी जागा सोडायला सांगत असेल तर त्याच्यावर चिडायचे तरी कसे, हे कोडे मास्तरांना आठवडाभर सुटले नव्हते.

म्हणून आज, सुटीच्या दुपारी, दाराची एक फळी ओढून घेऊन घर विचाराला बसले होते. थोरला स्टुलावर, गळ्यात टेप तसाच. सुटीच्या दिवशीही तो काढायचे त्याच्या लक्षात राहत नसे. सूनबाई मशीनपाशी. धाकटी, जी लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढत होती, ती बेतायच्या टेबलाच्या कडेवर लहानपणासारखी चढून बसली होती. आणि दुकानामागच्या खोलीत, निळ्या पडद्यापलीकडे, वहिनी झोपल्या होत्या. निदान त्या झोपल्या आहेत असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते.

"मी जागा बघून आलोय, बाबा," थोरला म्हणाला. "वस्ती शहराबाहेर आहे, पण आपली गिऱ्हाइकं तिकडेच गेलीत. तीन शाळा, चालत जाण्याच्या अंतरावर."

"हळू बोल," सूनबाई म्हणाली.

"हळूच बोलतोय."

"तुमचं हळू समोरच्या फुटपाथवर ऐकू जातं."

धाकटीने पाय हलवायचे थांबवले. "म्हणजे तू ठरवूनच टाकलंस, दादा? आणि आम्हाला नुसतं ऐकायला बोलावलंस?"

"ठरवलं असतं तर तुला बोलावलं असतं का? परस्पर सामान हलवलं असतं."

"हलव ना. मोठ्या आईला कुठे हलवणार आहेस तेवढं सांग."

चौघांच्याही नजरा पडद्याकडे गेल्या आणि परत आल्या.

मास्तरांच्या लेखी सगळा प्रश्न एवढाच होता, आणि त्याला भाड्याशी काही देणेघेणे नव्हते. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, पत्नी. त्या या घरात आल्या तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि आईवडील दोघेही गेलेले होते. रीत म्हणून वहिनींनी त्या पोरालाही पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच केले. "अहो भाऊजी, नाक पुसा." "अहो भाऊजी, उद्या शाळा बुडवलीत तर तंगडी मोडीन." गल्लीतल्या बायका हसत, वहिनी हसत नसत. दिवसभर काजे-बटणे करून त्यांनी या दिराला तंत्रशाळेत शिवण-कर्तनाच्या वर्गाला घातले, आणि तो पहिला आला त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अहो, आता तरी नाक पुसा." पुढे अण्णा आजारी पडले. याच मागच्या खोलीत, शेवटच्या दिवसांत, त्यांनी मास्तरांचा हात धरला होता. मास्तर घरात नेहमी सांगत आले होते की तेव्हा अण्णांनी शब्द घेतला: ही खोली वहिनींची, यातून त्यांना कोणी उठवायचे नाही. मोजमाप न करता मास्तरांनी आयुष्यात दुसरे काहीच केले नव्हते. तो शब्द मात्र त्यांनी न मोजता दिला होता. खोली भाड्याची आहे आणि भाड्याच्या खोलीचा शब्द देणारे आपण कोण, हा हिशोब तेव्हा सुचला नाही, आणि नंतर सुचला तरी शब्द परत घेता येत नाही.

"आपण लढूया," धाकटी म्हणाली. "मी गंमत करत नाहीये. वरच्या नव्या बिल्डिंगमधली ती चित्रकार बाई आहे ना, चष्मेवाली, तिने सह्या गोळा करायला घेतल्यात. गल्लीची ओळख जपायची म्हणते. बाबा, त्या लोकांचं तुमच्यावर खरंच प्रेम आहे."

"आहे की," थोरला म्हणाला. "रोज एकजण येऊन दाराचा फोटो काढून जातो. परवा एकाने मला विचारलं, जरा कात्री हातात धरून उभे राहता का. राहिलो. शिवायला काय आणलंय विचारलं, तर म्हणाला, नाही, मी तयारच घेतो."

सूनबाई हसली. "एवढं काही नाही हं. ते दाढीवाले काम घेऊन आले होते."

"कुत्र्याचा कोट!"

"काम ते काम. आणि त्या कोटालाही बाबांनी चार बोटं दुमड ठेवली. मी म्हटलं, बाबा, कुत्रं मोठं आहे, आता वाढायचं नाही. तर म्हणाले, सांगता येत नाही, खातंपितं घर आहे."

मास्तरांनाही हसू आवरले नाही. दुमड हा या दुकानाचा धर्म होता. गणवेशाच्या फ्रॉकला, पँटला, बाहीला आतून चार बोटे कापड जास्त ठेवायचे आणि कच्च्या टाक्यांनी दुमडून टाकायचे. मूल वाढले की आईने ते दुकानात आणायचे; एक टप्पा उसवून, इस्त्री फिरवून ते परत जाई. नवे कापड घ्यावे लागत नसे. वरचा भाग धुऊन विटलेला आणि दुमडीतला भाग कोराच, त्यामुळे उसवलेल्या फ्रॉकच्या खाली गडद रंगाचा एक पट्टा दिसे. पुढच्या वर्षी दुसरा. गल्लीत मुलींची वये पट्ट्यांवरून सांगितली जात. दोन पट्ट्यांची मुलगी एका पट्ट्याच्या मुलीला रस्ता ओलांडून देई. ही कल्पना वहिनींची. पहिल्या वर्षी अण्णा म्हणाले होते, अशाने धंदा बुडेल, एकच फ्रॉक तीन वर्षे चालला तर आपण खायचे काय? वहिनी म्हणाल्या होत्या, तीन वर्षे ती आई दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. आणि तसेच झाले होते.

गल्ली काही एका रात्रीत बदलली नव्हती. आधी कोपऱ्यावरचा ओतकामाचा कारखाना बंद पडला आणि सकाळचा भोंगा थांबला. मग फिटर गेले, ड्रायव्हर गेले, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे गेले, रात्रपाळीच्या नर्स गेल्या. ज्या जिन्यावर चार बिऱ्हाडे होती तिथल्या भिंती पाडून एक ऐसपैस घर झाले, आणि त्यात दोन माणसे आणि एक कुत्रे राहू लागले. मुले उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. तिच्या इमारतीत आता व्यायामाची यंत्रे आहेत, आणि जिथे प्रार्थनेच्या रांगा लागत तिथे काचेमागे माणसे एकाच जागी धावत असतात. मास्तर नव्या लोकांना नावे ठेवत नसत. गटार वाहते झाले ते त्यांच्या तक्रारींमुळे. दिवे लागले ते त्यांच्यामुळे. येता-जाता मान लववून ओळख देणारी माणसे होती ती. त्यांना फक्त वाढायचे नव्हते. त्यांचे माप एकदा घेतले की कायमचे होते.

"फोटोतून पोट भरत नाही ते मलाही कळतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "पण तिने ही खोली सोडली तर ती खंगेल, दादा. या वयात माणसं मुळं उपटल्यासारखी होतात. आणि तू बघितलेली ती घरं म्हणजे काड्यापेट्या एकावर एक. तिला तिसऱ्या मजल्यावर चढवणार?"

"मला वाटतं धाकट्या वन्सं बरोबर बोलतात," सूनबाई म्हणाली, आणि थोरल्याने चमकून बायकोकडे बघितले, कारण कालपर्यंत ती त्याच्या बाजूची होती. "अहो, असं बघू नका. मला तिकडे जायचंच आहे. इथे दुपारभर मशीनवर धूळ बसते. पण मोठ्या आईंना सांगणार कोण? तुम्ही सांगणार? परवा ताट वाढताना तुमच्या तोंडून शब्द निघेना. 'मोठी आई, मीठ दे' म्हणालात आणि ताटावरून उठलात."

"बाबांनी सांगायचं," थोरला म्हणाला.

"मी सांगणार नाही," मास्तर म्हणाले. दुपारभरातले त्यांचे हे पहिले वाक्य होते. "मी शब्द दिलाय. तुम्हाला जायचं तर तुम्ही जा. मी आणि वहिनी इथे राहू. पुढची जागा सोडू, मागची खोली ठेवायला देतील का ते मालकीणबाईंना विचारू."

"आणि जेवणखाण?"

"मला भात शिजवता येतो."

"बाबा, तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

तेवढ्यात दाराच्या ओढलेल्या फळीवर टकटक झाली. कॉफीच्या दुकानाची मॅनेजर दारात उभी होती, हातात काळी पँट. तिशी ओलांडलेली बाई. केस घट्ट बांधलेले, कमरेला दुकानाचा एप्रन. गेल्या महिन्यात तिच्याच सांगण्यावरून कॉफीवाल्याने वाढप्यांच्या कपड्यांचे काम इथे दिले होते.

"सुटी आहे का मास्तर? मग उद्या येते."

"या, या. कुठे बिघडलं?"

"बिघडलं नाही. ज्याची पँट होती तो सोडून गेला. नवा आलाय तो ताडमाड आहे, त्याच्या घोट्याच्या वर राहते. म्हटलं, उसवून देता का?"

थोरला उठला. "ताई, ही मोठ्या माणसांची पँट आहे. यात उसवायला काही नसतं. मी स्वतः बेतलीये. फार तर नवी शिवून—"

तिने पँटचा पाय उलटा करून त्याच्यासमोर धरला. आत चार बोटे कापड, कच्च्या टाक्यांनी व्यवस्थित दुमडलेले.

थोरला बघतच राहिला. गेली दोन वर्षे तो बापाला सांगत होता की दुमड आता सोडा, काळ गेला, कापड महाग झाले. आणि पंचविशी-तिशीच्या, आणखी एक बोटही न वाढणाऱ्या बाप्यांच्या डझनभर पँटी त्याने बेतल्या होत्या, त्या सगळ्यांना वाढत्या अंगाची दुमड ठेवून.

"सगळ्यांनाच?" सूनबाईने विचारले.

"सगळ्यांनाच," मॅनेजर म्हणाली.

धाकटी आधी हसली, मग सूनबाई, आणि शेवटी थोरला स्वतःच कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. "माझ्या हाताने मला न विचारताच कापलं की हो," तो म्हणाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पँट हातात घेतली, टाका बोटाने चाचपला आणि पोराकडे असे बघितले की थोरल्याने नजर खाली वळवली. त्या नजरेत टोमणा नव्हता.

"आमच्याकडे माणसं टिकत नाहीत," मॅनेजर सांगत होती. "लांबून येतात, दोन गाड्या बदलून. महिना दोन महिने करतात आणि जातात. दर वेळी नवं माप. मालक डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, आत बघा, मास्तरांच्या कपड्यात कापड असतं. मला माहीत होतं ना. माझ्या फ्रॉकला तीन पट्टे होते."

पडद्याच्या कड्या खळखळल्या.

"तीन पट्टे म्हणजे फिटरची का ग तू?" वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, एक हात भिंतीला टेकून. झोपेचा मागमूस नव्हता. "डावा खांदा उतरता होता. मी तिथे आतून पट्टी लावायचे."

"मोठी आई!" मॅनेजर पुढे झाली. गल्लीतली सगळीच पोरे त्यांना मोठी आई म्हणत. "अजून उतरताच आहे."

"दाखव. आहेच. बस. बाप कसा आहे?"

"आहेत. गुडघे धरलेत. कारखाना बंद झाल्यावर आम्ही तिकडे राहायला गेलो ना, बाहेर, तिथेच आहोत. मी इथे येते कामाला, रोज." ती हसली. "जन्मले त्याच खोलीत, मोठी आई. तुम्हाला गंमत सांगते, आमची खोली होती ना तळमजल्याची, तिथेच आता आमचं कॉफीचं यंत्र आहे. मी जिथे झोपायचे तिथे उभी राहून कप भरते."

वहिनींनी तिच्या हाताची बोटे आपल्या हातात घेतली, जशी त्या मापाआधी पोरांची घेत, चुळबुळ थांबवायला.

"वाईट वाटतं का ग?"

"पहिले काही दिवस वाटलं. मग कामाची सवय झाली." तिने थोडा विचार केला. "मोठी आई, खरं सांगू? बाबा दोन वर्षं घरी बसून होते, तेव्हा वर्गात कोणाला कळलं नाही. कोणाचा बाप कामावर जातो आणि कोणाचा घरी असतो, कपड्यांवरून ओळखू यायचंच नाही. पट्टे सगळ्यांनाच. ड्रायव्हरच्या पोरींना, हेडमास्तरांच्या पोरीला. माझी पोरगी आता सात वर्षांची आहे. दर जूनमध्ये नवा तयार गणवेश, शाळा सांगेल त्या दुकानातून, आणि दिवाळीपर्यंत—" ती थांबली. "सहा महिन्यांत आखूड. आखूड घालून गेली की पोरं हसतात. बाकीच्या आया पण रडतात. एवढी पोरं आहेत तिकडे, संध्याकाळी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते."

"एवढी?" वहिनी म्हणाल्या.

"भरपूर. बॉल येऊन काचा फुटतात."

"काचा फुटतात," वहिनींनी परत म्हटले. एखादी गोड बातमी ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "भाऊजी, ऐकलंत का? काचा फुटतात म्हणे."

मॅनेजरला दुकान उघडे टाकून आल्याची आठवण झाली. पँट उद्यापर्यंत देतो असे थोरल्याने सांगितले. तो तिला दारापर्यंत सोडायला गेला, आणि तिकडची शाळा कोणत्या वेळी सुटते ते त्याने हळूच विचारून घेतले. तो आत आला तेव्हा वहिनी मास्तरांच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मास्तर उभे होते. या घरात ते तसेच असे.

"आता बोला," वहिनी म्हणाल्या. "मघापासून माझ्या झोपेवर एवढा विश्वास ठेवून बोलताय, आता मी जागी आहे तर गप्प का?"

"मोठी आई, कोणी तुला—" धाकटी म्हणाली.

"तू टेबलावरून उतर आधी. कापड चुरगळतंय. थोरल्या, ती जागा तिसऱ्या मजल्यावर आहे का?"

"नाही," थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "तळमजल्यावर. पुढे दुकान, मागे खोली. खोलीला खिडकी आहे, शाळेच्या मैदानाच्या बाजूला. इतर दोन जागा याहून मोठ्या होत्या, पण त्यांना मागे खोली नव्हती. म्हणून मी... म्हणून हीच बघितली."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" धाकटी म्हणाली.

"तू बोलू दिलंस का?"

धाकटीने भावाच्या गळ्यातला टेप ओढून सरळ केला. क्षमा मागण्याची तिची हीच पद्धत होती.

आता सगळे मास्तरांकडे बघत होते. त्यांनी कात्री उचलली, बंद केली, ठेवली.

"वहिनी, मी अण्णांना शब्द दिलाय. तुम्हाला या खोलीतून कोणी उठवणार नाही असा. आज तुम्ही आमच्यासाठी हो म्हणाल, ते मला माहीत आहे. तुम्ही जन्मभर आमच्यासाठी हो म्हणत आलात. पण माझ्याने ते घेववणार नाही."

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या.

"भाऊजी, त्या दिवशी मी कुठे होते?"

"तुम्ही... पाणी आणायला गेला होतात."

"पडद्यामागे होते. या बाजूला, इथे. हातात तांब्या होता आणि आत यायचा धीर होत नव्हता. प्रत्येक शब्द ऐकलाय मी. ते खोलीचं काहीच बोलले नाहीत. 'हिला एकटी पडू देऊ नकोस,' एवढंच म्हणाले. खोलीचं तुम्ही बोललात. त्यांनी मागितलं नव्हतं तरी. तुम्हाला तेव्हा मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं, आणि रडत रडत म्हणालात, 'ही खोली वहिनींची, मरेपर्यंत वहिनींची.'"

मास्तर टेबलाच्या कडेला टेकले. त्यांना तो दिवस आठवत होता, भावाचा हात आठवत होता. कोणते वाक्य कोणाचे, ते मात्र इतक्या वर्षांच्या वापराने एकमेकांत शिवले गेले होते.

"त्यांनी मागितलं तेवढं माप होतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वर चार बोटं जास्त दिलीत. मी तेव्हाच म्हटलं, पोराला शिकवलेलं वाया गेलं नाही. या खोलीत मला काही कमी पडलं नाही, भाऊजी. ही गल्लीसुद्धा चांगली. ज्यांनी आपल्याकडून शिवलं ते चांगले, आता आलेत ते चांगले. तो दाढीवाला रोज मला हात हलवतो, त्याचं कुत्रंसुद्धा ओळख देतं. मालकीणबाईंनी इतकी वर्षं जुन्याच भाड्यावर ठेवलं, ते त्यांना कुठे परवडत होतं? उद्या मी स्वतः जाऊन त्यांना सांगणार आहे की तुमचे उपकार आहेत. पण मी इथे बसून भिंत बघते. काज करायला घेतलं तर कोणी चुळबुळ करत नाही, कोणी दोरा पळवत नाही. एकटी पडू देऊ नका म्हणाले ना ते? मग आता उठवा मला इथून."

सूनबाईने डोळ्याला पदर लावला. थोरला काहीतरी बोलायला गेला आणि नेहमीप्रमाणे भलतेच बोलला. "पडदा मात्र नवा घ्यावा लागेल. तिथलं दार उंच आहे. मी माप घेऊन आलोय. हा वीतभर कमी पडतो."

"पडद्याचं माप कशाला घेतलंस?" धाकटीने विचारले.

"मोठ्या आईला दुसरा पडदा चालेल का?" तो म्हणाला, जणू हे सर्वांना ठाऊक असायला हवे.

"कमी पडतो म्हणे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, खाली घ्या तो. आणि मला ती लहान कात्री द्या."

मास्तरांनी कड्या दांडीवरून काढल्या. गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांतून वहिनींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिवलेला तो पडदा. तेव्हाचा गर्द निळा, आता धुऊन धुऊन आभाळासारखा झालेला. तो टेबलावर पसरला गेला. वहिनींनी खालची कड उलटी केली. आत, कच्च्या टाक्यांनी नेटके दुमडलेले, कापड होते.

"पडद्याला?" मास्तर म्हणाले. "वहिनी, पडदा कुठे वाढतो?"

"तेव्हा मला एवढी अक्कल कुठे होती," त्या म्हणाल्या. "सवयीने ठेवलं. तुमच्या पोरासारखंच."

त्या टाके कापत गेल्या आणि मास्तर एका बाजूने कापड धरून दोरे ओढत गेले, जसे ते नऊ वर्षांचे असताना धरत. सूनबाईने इस्त्री तापवली. दुमडीची घडी मोडली, आणि फिक्या निळ्याखाली एक रुंद गडद पट्टा उघडा पडला, इतका कोरा की बोट लावले तर रंग बोटाला लागेल असे वाटावे. धाकटीने त्यावरून हात फिरवला. वरच्या बिल्डिंगमधल्या सह्यांचे तिने पुन्हा नाव काढले नाही.

थोरल्याने गळ्यातला टेप काढून पडदा वरपासून खालपर्यंत मापला, खात्रीसाठी दुसऱ्यांदा मापला, आणि तोंड पाडून म्हणाला, "तरीही कमी पडतो, मोठी आई. जमिनीपासून दोन-तीन बोटं वरच राहील. खाली जोड लावू का?"

मास्तरांनी वहिनींकडे पाहिले. त्या कापलेले दोरे गोळा करून मुठीत धरत होत्या.

"जोड नको," त्या म्हणाल्या. "तेवढा वर राहू दे. दुकानात पोरं आली की मला आतून पाय दिसले पाहिजेत."

मास्तरांनी पडद्याची घडी घातली, गडद पट्टा वर येईल अशी, आणि ती बेतायच्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी मॅनेजरची काळी पँट पुढे ओढली. थोरल्याने दाराची ओढलेली फळी बाजूला केली, आणि मास्तरांच्या हातातली कात्री टाके कापताना मध्ये कुठेही थांबली नाही.